पाताळगंगेपलीकडचे ठोके

पुण्याच्या माणसाला कर्जत ठाऊक असतं ते वड्यापुरतं. मुंबईहून परतताना घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर काढायचा, कागदात बांधलेले वडे घ्यायचे आणि जिभेला चटका बसवून घ्यायचा. त्या फलाटाबाहेर एक गाव आहे आणि गावाभोवती तालुका आहे, याचा विचार मीही कधी केला नव्हता. या दिवाळीनंतर मात्र मी तिथे उतरले आणि चांगली आठवडाभर राहिले. वडा एकदाच खाल्ला.

मला बोलावलं कुमुदने. कुमुद माझी साताऱ्याच्या शाळेतली मैत्रीण. आता ती डॉक्टर आहे आणि कर्जतला बाळंतपणाचा छोटा दवाखाना चालवते. मी पुण्याला तंत्रनिकेतनात रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या प्रयोगशाळेत शिकवते. कुमुदच्या भावाने तिला परदेशातून एक यंत्र पाठवलं होतं. साबणाच्या वडीएवढी चकती गरोदर बाईच्या पोटावर टेकवली, की बाळाच्या हृदयाचे ठोके लहानशा स्पीकरमधून मोठ्याने ऐकू येतात. ते बंद पडलं तेव्हा तिला माझी आठवण झाली. एरवी ही बाई दोन-दोन वर्षं पत्राचं उत्तर देत नाही. मी यंत्र दुरुस्त केलं, टॉर्चच्या सेलवर चालेल असं केलं आणि लाकडी पेटीत नीट बसवलं. मला वाटलं, काम संपलं.

"अगं, हे फोनवर ऐकू येईल का?" कुमुदने विचारलं.

तिचं म्हणणं असं, की लांबच्या गावातल्या गरोदर बाया दर आठवड्याला कर्जतला येऊ शकत नाहीत. एस.टी.त दिवस जातो, मजुरी बुडते आणि खड्ड्यांनी अंग खिळखिळं होतं ते वेगळंच. पण कळंबच्या पोस्टात फोन आहे. तिथल्या नर्सने पेटी फोनजवळ धरली, तर कर्जतला बसून कुमुदला पोटातलं बाळ ऐकता येईल.

मी म्हटलं, "ट्रंक कॉलवर मला नवऱ्याचा आवाज ओळखू येत नाही, तिथे बाळाचे ठोके कुठले?"

"नवऱ्याचं तू ऐकत नाहीस म्हणून," ती म्हणाली. तर अशी मी निघाले.

कळंब

कर्जतहून एस.टी. निघाली तेव्हा भाताची कापणी जवळजवळ संपली होती. खाचरांत नुसते खुंट उरले होते, मधून मधून भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि लांबवर माथेरानचा डोंगर. आमच्या साताऱ्याकडे या दिवसांत ज्वारी कमरेएवढी उभी असते, त्यामुळे कापून मोकळी झालेली जमीन मला आधी ओकीबोकी वाटली. मग उन्हात पेंढ्याचा वास आला आणि ती खंत गेली. पेटी मी मांडीवर घेतली होती. कंडक्टरने तिच्याकडे पाहून विचारलं, "भजनाला काय, बाई?" मी हो म्हटलं. एस.टी.च्या खडखडाटात कुठे सगळं समजावत बसायचं.

पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची ओसरी. नर्सबाईंनी एका कोपऱ्यात लुगड्याचा पडदा बांधून सतरंजी अंथरली होती. सगळ्यांत आधी सुगंधा आली. वय विशीच्या आतबाहेर, पहिलटकरीण, आणि हसरी इतकी की चकती पोटाला लागल्याबरोबर "थंड हाय गं बाय!" म्हणून पडद्यासकट हलली. सोबत तिची सासू पार्वतीबाई. कपाळभर कुंकू, बांधा मजबूत आणि नजर अशी, की पेटीतल्या वायरीसुद्धा सरळ व्हाव्यात.

फोन लागायला बराच वेळ गेला. लागला तेव्हा मी स्पीकर फोनच्या तोंडाशी धरला, आणि कुमुदच्या आधी भलतीच कुणीतरी बोलली.

"कोण आहे? लाइनमध्ये घोडा पळतोय का?"

त्या कर्जतच्या एक्स्चेंजच्या बाई होत्या. आवाज कोरडा, कडक. मी सांगितलं की हे पोटातलं बाळ आहे. मग त्या म्हणाल्या, "असं होय. चालू द्या." आणि आम्ही रंगात आलो तोच, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का कॉल?"

ठोके कुमुदला ऐकू आले होते. खरखर होती, पण त्यातून मोजता येत होते. मला इतका आनंद झाला की मी पोस्टमास्तरांच्या टेबलावर थाप मारली आणि शाईची दौत सांडली. त्यांनी शांतपणे टीपकागद काढला.

आनंद फार टिकला नाही. नर्सबाईंनी सुगंधाचा रक्तदाब सांगितला आणि पावलांची सूज दाखवली. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. फोनवर कुमुदचा आवाज बदलला. "बाळ ठीक आहे, पण हे लक्षण बरं नाही. दाब वाढला तर हिला झटके येतील, दोघंही हातची जातील. पूर्ण आराम, मीठ बंद. तीन-चार दिवसांनी मला पुन्हा ऐकव. अगदी न चुकता."

मी पार्वतीबाईंना ते शब्दाला शब्द सांगितलं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"आराम म्हंजे कसला?"

"कसलंच काम नाही. पाणी भरायचं नाही, दळायचं नाही, नुसतं पडून राहायचं."

"बरं," त्या म्हणाल्या. मग मला घरी जेवायला नेलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. ज्वारीची भाकरी मी डोळे मिटून थापते, म्हणून जोरात पुढे सरसावले. तांदळाच्या पिठाने माझी अब्रू घेतली. भाकरी तव्यावर जाण्याआधीच तिचे तीन तुकडे झाले. सुगंधा बाजेवर पडल्या पडल्या हसत होती. "मावशी, उकड काढावी लागते आदी!" तिने सांगितलं. एका दिवसात मी मावशी झाले होते, आणि ते मला आवडलं हेही सांगून टाकते.

पुन्हा कळंब

मधले दिवस कुमुदच्या दवाखान्यात गेले. मी खरखर काढत बसले आणि ती येता-जाता "झालं का?" म्हणून माझं डोकं खात होती. स्पीकरभोवती रबराची एक वाटी बसवली. ती फोनवर घट्ट बसली की बाहेरचा आवाज पुष्कळ कमी होई. ही नवी करामत घेऊन मी मोठ्या ऐटीत कळंबला उतरले. नर्सबाई पोस्टात होत्या, पडदा होता, सतरंजी होती. सुगंधा नव्हती.

मी पार्वतीबाईंच्या अंगणात गेले. त्या सुपाने भात पाखडत होत्या.

"सुगंधा? ती गेली की म्हायेराला. परवाच धाडली."

"कुठे?"

"साजगावला. खोपोलीच्या तिकडं."

"अहो, तिला आराम सांगितला होता ना!"

पार्वतीबाईंनी सूप खाली ठेवलं आणि एखाद्या हुशार पोराचा पाढा चुकावा तशा माझ्याकडे पाहू लागल्या. "मंग? आराम सांगितला म्हनूनच धाडली. सासरी कुनाला आराम मिळालाय का, बाई? मी हाक नाय मारली तरी ती उठती. पानी भरायला जाऊ नको म्हनलं तर चूल सारवाया बसती. आईच्या दारात कशी गप पडल. सातव्यातच जायाची व्हती, कापनी निघाली म्हनून राह्यली. तुमी आराम म्हनलात, मी दुसऱ्या दिशी ओटी भरून रवाना केली."

मी तिथेच ओट्यावर बसले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे या महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागतं? मी स्वतः पहिल्या वेळी आईकडे साताऱ्याला गेले होते. कुमुदही माहेरी गेली होती. आणि आम्ही दोघी शहाण्यांनी पेटी, फोन, नर्स, सतरंजी, सगळा थाट मांडला होता पहिलटकरणींच्या सासरी! पार्वतीबाईंना बोल लावायला तोंडच नव्हतं. त्यांनी डॉक्टरांचा शब्द आमच्यापेक्षा मनावर घेतला होता.

"मी तिला घेऊन येते. कर्जतला दवाखान्यातच ठेवू," मी म्हटलं.

"आता नाय यायची ती. मधी नदी हाय. भरल्या दिवसांची बाई म्हायेरी पोचली की मोकळी झाल्याबिगर नदी वलांडत नाय. तिची आई जुन्या वळनाची हाय, माझ्यापरीस." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "का वो? जास्त हाय का काय?"

मी खरं तेच सांगितलं, की भीती आहे. त्या उठल्या. आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. खण, तांदूळ आणि चांगला गलेलठ्ठ नारळ. सवाष्ण दारातून रिकामी जायची नाही म्हणे. मी घाईत होते, यंत्राचं वजन काय कमी होतं, त्यात आता हा नारळ. मनातल्या मनात कुरकुरत मी तो पिशवीत कोंबला.

पोस्टातून कुमुदला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपण दोघी बावळट आहोत." नंतर ती कामाला लागली. सुगंधाचे वडील साजगावच्या एका पत्र्याच्या कारखान्यात गेटवर वॉचमन आहेत, हे नर्सबाईंना माहीत होतं. गेट म्हणजे फोन आलाच. "बाई नदी ओलांडत नसेल तर नसू दे," कुमुद म्हणाली. "तू पेटी घेऊन जा. आवाज तर ओलांडेल."

साजगाव

सकाळी कर्जतहून खोपोलीची गाडी धरली. उतरून साजगावच्या वाटेला लागले, तर हवेत सुक्या मासळीचा वास. इथे कार्तिकात विठोबाची जत्रा भरते आणि त्या जत्रेत खरेदी होते ती सुक्या बोंबलांची. लोक देवाचं दर्शन घेतात आणि बोंबलांची जुडी काखेत मारून घरी जातात. आमच्याकडे विठोबाच्या आसपास कांदासुद्धा फिरकत नाही. मला हा विठोबा एकदम घरातला वाटला. सुगंधाच्या आईने दारातच बोंबलाच्या कालवणाचा आग्रह केला, आणि माझी भूक तिथेच मेली, कारण मागे बाजेवर सुगंधा होती.

हसरी पोर ओळखू येत नव्हती. चेहरा सुजला होता, डोळ्यांवर पदर घेतला होता. "मावशी, डोकं लई दुखतंय. डोळ्याम्होरं काजवं चमकतात," ती म्हणाली. तिने हसायचाही प्रयत्न केला.

कारखाना चार घरांपलीकडेच होता. आम्ही तिला धरून धरून गेटच्या केबिनमध्ये नेलं आणि बाकावर निजवलं. तिच्या वडिलांनी टोपी काढून ठेवली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. कॉल मागितला. आणि मग मला कळलं, की आपली रबरी वाटी इथे काहीच कामाची नाही. आतलं पत्रा दाबायचं यंत्र दर क्षणाला धाडकन आदळत होतं. केबिनची काच हलत होती. बाळाचा बारीक ठोका त्या दणक्यांखाली पार गाडला जात होता.

"हे बंद होईल का?" मी विचारलं.

वॉचमन गेट सोडून धावत आत गेले. परत आले ते पळतच, आणि त्यांच्या मागून फोरमन आला. मोठा जाडजूड माणूस, कोपरापर्यंत ग्रीस. त्याने केबिनमध्ये एकदा डोकावून पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. काही विचारलं नाही. आत वळून ओरडला, "प्रेस बंद करा रं! भट्टीचा पंखा पन! आन् कोन बोलायचं नाय!"

कारखाना थांबला. मी आयुष्यभर यंत्रं चालू करण्याचं काम केलं आहे, पण बंद झालेल्या यंत्राने माझं ऊर इतकं कधी भरून आलं नव्हतं. फाटकाशी माणसं गोळा झाली. कुणी हातातला पाना खाली ठेवला नाही, वाजेल म्हणून. फोन वाजला. खोपोलीवरून कर्जत, आणि त्याच कोरड्या आवाजाच्या बाई: "घोडेवाल्या बाई का? बोला."

मी चकती टेकवली. ठोके आले. धावते, ओळखीचे. केबिनमध्ये सगळ्यांनी श्वास सोडला. आणि मग धाव मंदावली. घोडा चढ चढताना जड पावलं टाकतो तशी. थोड्या वेळाने पुन्हा सावरली. पुन्हा मंदावली. या खेपेला सावरायला जास्त वेळ लागला.

"तीन मिनिटं..." एक्स्चेंजच्या बाई सुरू झाल्या.

"लाइन तोडू नका हो!" कुमुद ओरडली. "ऐकतेस ना? तिला आत्ताच्या आत्ता इकडे आण. मी ऑपरेशनची तयारी करते. वेळ घालवू नकोस."

मी ते सुगंधाच्या आईला सांगितलं. ती मान हलवू लागली. "नदी हाय मधी. माझ्या थोरल्या जावेनं वलांडली व्हती, आट महिन्याची. परत आली ती मोकळ्या हातानं. मी नाय पाठवायची."

मला राग आला, रडूही आलं. मी काही टाकून बोलणार होते, तेवढ्यात पेटीतून ठोका पुन्हा मंदावला. मी वाद घालायच्या नादात चकती तशीच धरून ठेवली होती. सुगंधाच्या आईने ते ऐकलं. तिने लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि ऐकत राहिली.

"दमलंय गं त्ये," ती म्हणाली. तिचा चेहरा पालटला. "मी न्हेते. मी सोता येते. पन पुलावर गाडी थांबवायची. तेवडं माझं ऐका."

पूल

कारखान्याचा टेंपो निघाला. मागे गादी टाकून सुगंधाला डाव्या कुशीवर निजवलं, तिचं डोकं आईच्या मांडीवर. फोरमन स्वतः पुढे बसला आणि ड्रायव्हरला खड्ड्याखड्ड्याला शिव्या घालत होता, बायका मागे आहेत हे विसरून. पाताळगंगेच्या पुलावर सुगंधाची आई ओरडली, "थांबव रं!"

मी खरोखर चिडले. "अहो, डॉक्टर वाट बघतायत, बाळ आत दमलंय, आणि तुम्हाला नदी सुचतेय!" ती खाली उतरली, कठड्याशी गेली आणि तिथेच थबकली. घाईत निघताना तिने बरोबर काहीच घेतलं नव्हतं. नुसते रिकामे हात. ती त्या हातांकडे बघत उभी राहिली, आणि ज्या बाईशी मी मघापासून मनात भांडत होते, तिची मला इतकी दया आली की माझा राग कुठच्या कुठे गेला.

पिशवीत नारळ होता. मी तो काढला, पार्वतीबाईंचा खण काढला, तळाशी सांडलेले तांदूळ मुठीत गोळा केले आणि टेंपोतून उडी मारली. "हे घ्या. तुमच्या विहीणबाईंनी दिलंय."

तिने कपाळाला लावलं आणि नदीची ओटी भरली. "माय, लेक पल्याड न्हेते. जाताना दोगी हाव, येताना तिघं करून धाड." नारळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग ती इतक्या चपळाईने टेंपोत चढली की मीच मागे राहिले, आणि मला फोरमनने हाताला धरून ओढून घेतलं.

नवस-सायासांवर माझा विश्वास नाही. पण पुलापलीकडे लेकीच्या डोक्यावरून फिरणारा सुगंधाच्या आईचा हात ठाम झाला, एवढं मी पाहिलं.

कर्जत

कुमुद दारात उभी होती. पुढचं मला धड आठवत नाही. बंद दाराबाहेर मी आणि सुगंधाची आई एका बाकावर बसलो होतो, आणि ती मला मध्येच विचारत होती, "त्या पेटीनं आता ऐकू येईल का आतलं?" ऊन कलायच्या सुमाराला आतून एक रडणं आलं. बारीक, चिडकं आणि काही केल्या न थांबणारं. मुलगी. वजनाला कमी, आवाजाला नाही. कुमुद हातमोजे काढत बाहेर आली आणि म्हणाली, "दोघी ठीक आहेत. दाब उतरतोय. आणखी एखादा दिवस उशीर झाला असता तर मला बोलायला जागा उरली नसती." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. माझी कणखर कुमुद, रडत होती. मीही तेच करत होते.

कळंबला पी. पी. कॉल लावला, पार्वतीबाईंच्या नावाने. पोस्टमास्तरांनी माणूस धाडून त्यांना बोलावलं. फोनवर त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या, त्यामुळे नदीपलीकडून हाक मारावी तशा ओरडत होत्या.

"माझी पोर कशी हाय? ते आदी सांगा!"

सुगंधा बरी आहे म्हटल्यावर त्या शांत झाल्या. मुलगी झाली हे ऐकून म्हणाल्या, "लक्ष्मी आली. बरं झालं." मग मी चाचरत सांगितलं, की त्यांनी भरलेल्या ओटीचा नारळ मी पाताळगंगेला दिला.

"मंग पुन्याला न्हिऊन काय केलं असतं? वड्या?" त्या हसल्या. त्यात थोडं रडू होतं. "तिच्या आईला म्हनावं, सव्वा महिन्यानं बिनघोर धाड. आता नदीची काय हरकत नाय." आणि थोडं थांबून, "बाळाचा आवाज ऐकवा की मला. पोटातला आमी सगळ्यांच्या आदी ऐकलेला हाय."

कुमुदने दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आणली. या वेळी पेटीची गरज नव्हती. मी फोन तिच्याजवळ धरला आणि ती एवढीशी बाई सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशी रडली. पलीकडे पार्वतीबाई ऐकत होत्या. पोस्टमास्तरांचं टेबल, ती सांडलेली शाई, ओसरीवर जमलेली माणसं, सगळं मला इथे बसून दिसत होतं. बराच वेळ गेला. तीन मिनिटं नक्कीच होऊन गेली असणार. तो कडक आवाज आता येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो येईना. शेवटी मीच विचारलं, "एक्स्चेंज? आहात ना लाइनवर?"

"आहे," त्या म्हणाल्या. "बाळाला जरा जवळ धरा. मला इकडे बारीक ऐकू येतंय."